खाली, डावीकडे

नळी खाणीतली, सांडपाण्याची.
खाण बंद झाली तेव्हा गावातल्या प्रत्येकानं काही ना काही उचललं,
कुणी पंप, कुणी कचेरीची दारं,
फेर्मीननं ही नळी.
भिंग म्हणजे आईच्या चष्म्याची डावी काच.
नंबर अधिक एक;
म्हणजे बरोबर एक मीटरवर
सूर्य हरभऱ्याएवढा पडतो.
गोठ्याच्या भिंतीवर त्यानं तो पाडून पाहिला.
शेळ्या जरा बाजूला सरकल्या, इतकंच.

मागं खिडकीची काच,
वाळूनं घासघासून आंधळी केलेली,
आणि तिच्यावरून पडदा माझ्या काळ्या स्कर्टचा,
आईच्या दुखवट्याला शिवलेल्या.

सिरियाको म्हणाला, कोकिंबोला दुकानात कॅमेरे मिळतात.
फेर्मीन म्हणाला, मिळू देत.

जुलै. आमच्याकडं कडाका.
साडेचारला सूर्य डोंगरापासून वीतभर वर,
खालचं रान हळूहळू विटत चाललेलं.
उजेड पातळ होत गेला,
चीज गाळल्यावर भांड्यात उरतं
त्या पाण्यासारखा.
शेळ्या आपण होऊन परतल्या,
कुणी हाकारलं नव्हतं.

माझं काम सोपं होतं:
हातात जॅमच्या बरणीचं झाकण.
तो 'लाव' म्हणाला की नळीचं तोंड बंद करायचं,
आत त्यानं कागद सरकवला की 'काढ',
चार आकडे मोजायचे, पुन्हा लावायचं.
आठवडाभर आम्ही बल्बवर सराव केला होता.

मग समुद्राकडून अंधार धावत आला
आणि फेर्मीन काही म्हणेना.

स्कर्टखाली त्याचं डोकं, बाहेर नुसती पाठ,
पाठ थरथरतेय की थंडीनं हलतेय कळेना.
अडीच मिनिटांतलं एक गेलं.
मी त्याला लाथ मारली.
'लाव,' तो म्हणाला,
कबुलीजबाब देताना माणूस बोलतो तितक्या हळू.

काढ.
मी वर पाहिलं.
एक, दोन, तीन, पाच,
पुढचं मला सांगता येणार नाही.
सिरियाको म्हणतो मी आईला हाक मारली.
मी मारली असेल असं मला वाटत नाही.

शेवटच्या क्षणी त्यानं कागद ओढला,
आंधळी काच परत बसवली,
आणि खडा चमकला.
कुत्री भुंकली, चर्चपाशी कुणी टाळ्या वाजवल्या,
शेळ्या गोठ्याच्या दारात उभ्या,
पुन्हा चरायला जायचं की नाही, ठरेना.

रात्री मोरीत कागद धुतला,
ट्रकच्या मागच्या लाल दिव्याच्या उजेडात,
इन्स्टंट कॉफी आणि धुण्याचा सोडा कालवून.
तीन दिवस घराला ओल्या कांबळ्याचा वास.
चित्र आलं ते उफराटं:
चंद्र पांढरा,
भोवती काळा उजेड, विसकटलेला,
किंचित लांबट, माझ्या मोजण्यामुळं.
त्याचं सुलटं करायला दुसरा कागद हवा होता.
होता तो एकच.

आता आमचं भांडण त्या खड्यावरून.
सगळं गाव सांगतं, वर, उजवीकडं.
फेर्मीन सांगतो, खाली, डावीकडं.
अरे, काचेवर सगळं उलटं पडतं,
डोंगरसुद्धा तुझ्या डोक्यावर टांगलेला होता.
हे त्याला माहीत आहे. नळी त्यानंच बनवली.
'मी जे पाहिलं ते पाहिलं,' म्हणतो,
आणि न्हाव्याकडचं वर्तमानपत्र
उलटं धरून लोकांना दाखवतो.

कागद स्वयंपाकघरात खिळ्याला टांगला आहे.
मंगळवारी झाडताना मी तो फिरवते.
बुधवारी सकाळी
खडा चमकला ती जागा
परत खाली, डावीकडं गेलेली असते,
आणि कागदावर वर-खाली दोन्हीकडं आता
खिळ्याची भोकं आहेत.